विल्फ्रेड सग्डेन यांनी हेजहॉगची काळजी घेतली

पाच नोव्हेंबरच्या संध्याकाळी थॉर्नबी क्रिकेट क्लबाने दरवर्षीप्रमाणे मैदानावर शेकोटी पेटवली आणि तीत क्लबाचे लाकडी पॅव्हेलियन जळून खाक झाले, इथपर्यंत कोणाचेही दुमत नव्हते. प्रश्न एवढाच होता, की हा बेदरकारपणा कोणाचा. आरोपी दोघे होते. शेकोटीप्रमुख विल्फ्रेड सग्डेन या निवृत्त पोस्टमनने काडी ओढली होती. त्यांचा शेजारी टेरी हॉलरॉइड याने त्याआधी ओल्या लाकडांवर पेट्रोलचा अख्खा डबा रिकामा केला होता.

विल्फ्रेडना आयुष्यात साधा दंडही झाला नव्हता, त्यामुळे तुरुंगाच्या धास्तीने त्यांना अन्न गोड लागेना. पण मनाला एक आधार होता: आपण सगळी काळजी घेतली होती. थॉर्नबीत माणूस सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे बोलणार नाही, पण ढिगात हेजहॉग झोपला आहे का हे पाहिल्याशिवाय शेकोटी पेटवणार नाही. विल्फ्रेडनी गुडघ्यांवर बसून ढीग उचकून पाहिला होता. आत तो मुठीएवढा काटेरी जीव थंडीची झोप घेत पडलेला होता. त्याला उठवणे बरे दिसेना, म्हणून त्यांनी एकेक ओंडका अलगद उचलून सगळा ढीग पलीकडे रचला. पलीकडे म्हणजे पॅव्हेलियनच्या बाजूला.

कोर्टात आधी टेरी उभा राहिला. पेट्रोल ओतताना तुमच्या मनात काय होते, असे सरकारी वकिलांनी विचारले.

"काही नाही," टेरी म्हणाला. मग जरा आठवून त्याने भर घातली, "सॉसेज असेल."

लग्न झाल्यापासून नवऱ्याला विचार करताना आपण पाहिलेले नाही, अशी साक्ष त्याच्या बायकोने शपथेवर दिली. शाळेतल्या जुन्या बाईंनी तेच जरा जास्त कळवळून सांगितले. न्यायाधीश हेलावले. कायदा आरोपीच्या स्वतःच्या मनात डोकावतो, तिथे धोक्याची जाणीवच नसेल तर त्याला बेदरकार म्हणता येणार नाही, असे सांगून त्यांनी टेरीला सन्मानाने सोडले. आपल्याला सन्मान कशाचा मिळाला हे टेरीला कळले नाही, आणि तेही त्याच्या पथ्यावरच पडले.

मग विल्फ्रेडची पाळी आली.

"ढिगात का पाहिलंत?" सरकारी वकिलांनी विचारले.

"हेजहॉग भाजू नये म्हणून, साहेब."

"म्हणजे आगीनं भाजतं, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"ते सगळ्यांनाच ठाऊक असतं."

"सगळ्यांचं सोडा. हॉलरॉइड यांना नव्हतं."

पुढे सारेच अंगाशी येत गेले. बोट ओले करून वारा पाहिला होता, म्हणजे ठिणग्या उडतील हे कळत होते. पाण्याची बादली भरून ठेवली होती, म्हणजे आग पसरण्याची शक्यता पूर्ण लक्षात आली होती. हेजहॉगला कसे अलगद वाचवले हे विल्फ्रेडनी हातांनी करून दाखवले, तेव्हा तर ज्यूरीतल्या एका बाईंनी चक्क मान हलवून गुन्हा पक्का केला.

त्यांच्या वकील मिस पेल्हम यांनी शेवटचा उपाय म्हणून जुने माप मागितले. आरोपीच्या मनात काय होते ते सोडा. शहाणासुरता माणूस त्या जागी कसा वागला असता, एवढेच पाहा.

"ते माप मंदबुद्धींवर अन्याय करतं म्हणून केव्हाच मोडीत काढलं," न्यायाधीश म्हणाले. "पण तुमच्या समाधानासाठी लावून बघू. शहाणासुरता माणूस कसा वागला असता?"

"त्यानं ढीग तपासला असता, वारा पाहिला असता, बादली भरून ठेवली असती."

"म्हणजे हुबेहूब सग्डेन. आणि शहाण्याला धोका दिसतोच. तेव्हा तुमचे अशील दोन्ही मापांनी दोषी." मग ते विल्फ्रेडकडे वळून हळहळले, "थोडा कमी विचार केला असतात, तर आज घरी जेवला असतात."

विल्फ्रेड शिक्षा भोगून आले, तोवर पुढचा नोव्हेंबर उजाडला होता. गाव शहाणे झाले होते. बादली वकिलांच्या सल्ल्याने कुलपात गेली होती. वाऱ्याकडे कोणी बघत नव्हते. शेकोटीप्रमुख टेरी दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये निर्विचारतेचे वर्ग घेत होता आणि त्याला जागा पुरत नव्हती. नवे पॅव्हेलियन लाकडीच होते, आणि ढीग थेट त्याला टेकवून रचला होता.

टेरी पेट्रोल ओतत असताना ढिगात काहीतरी खुडबुडले. विल्फ्रेडचे गुडघे आपोआप वाकले. त्यांच्या बायकोने, एडनाने, त्यांची कॉलर धरली.

"विल्फ, तुला काही ऐकू आलेलं नाही. एकदा भोगून आलायस. आता तरी अक्कल गहाण ठेव."

विल्फ्रेड उभे राहिले. सगळ्यांसारखे आभाळाकडे बघत ते नेटाने सॉसेज आठवू लागले. त्यांना रडू येत होते. टेरीने काडी ओढली.

पुढे काय झाले ते सांगत बसण्यात अर्थ नाही, कारण वाचकांना ते केव्हाच कळलेले आहे. ढीग पॅव्हेलियनला टेकला तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती, आणि तरीही ते मजेत पुढे वाचत राहिले. त्यांनी आपापले वकील पाहून ठेवावेत.