कादरचाचांची डायरी

कादरचाचा मशीनजवळ आले की आधी पेचकस काढत. टोक बेअरिंगवर, मूठ कानाला, डोळे बंद. मग निकाल देत, "हिले ग्रीस नाही, आराम पाहिजे." बोरी अरबच्या आमच्या कापसाच्या जीनमध्ये या फिटरचा शब्द शेवटचा. मी तिथला कारकून. मला मशीनमधलं काहीच कळत नाही, त्यामुळे माझा विश्वास सर्वांत जास्त.

बोंडअळीच्या त्या साली कापूस कमी आला आणि मालक कुणाला घरी बसवता येईल ते शोधू लागले. त्यातच नागपूरहून एक मॅडम आल्या. कामगार कामावर काय शिकतात, याचा त्यांचा अभ्यास होता. सुट्टी झाली की प्रत्येकानं आज काय शिकलो ते मोबाइलवर बोलायचं आणि मी ते ऐकून त्यांना पाठवायचं. याला त्या डायरी म्हणत.

चाचा टोपी नीट करून मोबाइलला सलाम करत. "कादर फिटर. आज काही शिकलो नाही. खुदा हाफिज." दोन महिने हेच. मी समजवायला गेलो, तर म्हणाले, या वयात शिकलो म्हणायचं म्हणजे आजवर झक मारली असं कबूल करायचं.

एका संध्याकाळी मात्र ते बराच वेळ बोलले.

"मॅडम, शिकलो. माहे दोन्ही कान गेल्यातच जमा आहेत. पेचकस लावतो तो लोकायले दाखवाले. दुसरा हात मशीनवर ठेवतो. बेअरिंग गरम व्हायच्या आधी थरथरते, ते करंगळीच्या बाजूनं समजते. सहा महिने लागले. मालकाले सांगू नका."

हाक मारली तरी चाचा वळत नसत, ती मला ऐट वाटायची. माझीच मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर उभं राहून, सावकाश विचारलं, पाठवू की पुसून टाकू? त्यांनी आधी टोपी नीट केली. पाठव, पण नाव काढून, म्हणाले. मग माझा हात धरून चालत्या मशीनवर ठेवला.

"काय समजलं?"

मी मान हलवली. काहीच नाही.

"मलेही पयल्या दिवशी नव्हतं समजलं. रोज येत जाय, बाबू. नवा मानूस कोणी घेऊन नाही राह्यलं. मी कोनाले शिकवू?"

मी कारकून आहे, हे सांगणार होतो. पण त्यांनी माझा हात जरासा सरकवला, आणि मी तो तसाच राहू दिला.