सिस्टिम कोणती हाय?

ठवरेकाका माणसाची ओळख त्याच्या कॉम्प्युटरपासून करून घेतात. माझ्या भाचीला पाहायला मुलगा आला, तेव्हा आम्ही पगाराची आडून आडून चौकशी करत होतो. शेजारी म्हणून बोलावलेल्या काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवून थेट विचारलं, "सिस्टिम कोणती हाय तुमच्याकडे? विंडोज का लिनक्स?" मुलगा लिनक्सवाला निघाला, शिवाय लॅपटॉप सोबत घेऊन आलेला. मग ते दोघं त्यात डोकं घालून बसले आणि भाची भिंतीकडे पाहत राहिली.

निवृत्तीनंतर लोक बागकाम धरतात, काकांनी कोडिंग धरलं. प्रोग्राम एवढासा: ठरल्या वेळी पडद्यावर एक ओळ दाखवतो आणि गप्प बसतो. पण तो झाडून सगळ्या मशीनवर चालावा, हा हट्ट. महाल भागातल्या झेरॉक्सवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत कोणाच्याही कॉम्प्युटरला ते पेनड्राइव्ह खुपसतात. आम्हा सगळ्यांच्या पडद्यांवर भरदुपारी "टेस्टिंग" उगवतं. वैताग आहे नुसता.

"तुमच्याकडे चालतं ते आमच्याकडे काहून अडतं?" मी एकदा विचारलं.

"अगा, फाइलच्या पत्त्यात एक तिरकी रेघ असते. एका सिस्टिमची डावीकडे झुकते, दुसरीची उजवीकडे. तेवढ्यानं त्याले घर सापडत नाही."

परवा त्यांच्या मुलीनं, मृणालनं, बंगळुरूत नोकरी बदलली. नवं मशीन, नवी सिस्टिम. काकांची झोप उडाली, आणि मला खरी गोष्ट कळली. काकू होत्या तोवर रोज दुपारी फोन करून तिला जेवणाचं विचारायच्या. त्या गेल्यावर काकांनी फोन लावून पाहिला, पण "हॅलो"च्या पुढे दोघांनाही सुचेना. म्हणून हा प्रोग्राम. मृणालच्या पडद्यावर "टेस्टिंग" येत नाही, "जेवली का वं?" येतं.

नव्या मशीनच्या पहिल्या दुपारी काका माझ्या घरी मोबाइल हातात धरून बसले. "नसन चाललं गा."

तेवढ्यात मृणालनं पडद्याचा फोटो पाठवला. त्या मशीनमध्ये मराठी अक्षरंच नव्हती. ओळीच्या जागी रिकामे चौकोन, आणि शेवटी तेवढं प्रश्नचिन्ह धड आलेलं.

"पुरा बट्ट्याबोळ," काका म्हणाले.

फोटोखाली तिचा मेसेज आला: "जेवली बाबा. तुम्ही जेवले का?"

काकांनी ती ओळ दोनदा वाचली. मग मोबाइल माझ्यापुढे केला. "मले दिसून नाही राहिलं. जेवलो म्हणून लिहून दे."

ते जेवले नव्हते. मी "आत्ता जेवून राहिलो" असं लिहिलं आणि आत ताट वाढायला सांगितलं.