पेपरमिंटला बांधलेलं आमंत्रण

मुलांना माणसांत कसं आणायचं, हे मला विचारा! म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, पॉस पाळक, यांनी खरंच विचारलं. बुधवारी चर्चच्या सभागृहात सगळ्या आईबापांसमोर याच विषयावर बोलशील का, म्हणाले. मी मान इतक्या जोरात हलवली की डोक्यावरची टोपी खाली पडली.

घरी येऊन सांगितलं, तर आमच्या सौभाग्यवती, नाव यांटीने, इस्त्री थांबवून माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तू? अरे हार्मेन, आपली हिल्के घराबाहेर एक अक्षर बोलत नाही. आठ वर्षांची झाली, एक मैत्रीण नाही तिला. आणि तू लोकांना शिकवणार?"

वर्मावरच बोट ठेवलं हो! आमच्या हिल्केचा घरात तोंडाचा पट्टा अखंड चालू असतो, पण दाराची घंटा वाजली की ही जिन्यावरून गायब. शाळेच्या पटांगणात ती भिंतीला टेकून एकटी उभी असते. ते बघून मी एकदा सायकल हातात धरून रस्त्यातच रडलोय, खोटं कशाला सांगू?

"बुधवारच्या आत तिला बोलती करतो!" मी छातीठोकपणे सांगितलं.

बेत साधा होता. गावात नवीन आलेलं एक कुटुंब चर्चमध्ये आमच्या पुढच्याच बाकावर बसतं. त्यांची वित्स्के हिल्केच्याच वयाची. शनिवारी मी हिल्केला जवळ घेतलं.

"बाळा, देवाने प्रेम दिलंय ते मनात कोंडून ठेवायला नाही. उद्या वित्स्केला सांगायचं, आमच्याकडे कॉफीला या. बस्स!"

"बोलूनच सांगायचं का, बाबा?"

"असं काही नाही. तुला जमेल तसं सांग."

इथेच माती खाल्ली मी!

आमच्या या डच गावात उपदेश सुरू झाला की खिशातून पेपरमिंटची गुंडाळी निघते. एक गोळी तोंडात टाकायची आणि गुंडाळी पुढे सरकवायची. बाकावर जे हातात येईल ते पुढे द्यायचं, ही आमची पिढ्यान् पिढ्यांची सवय. हिल्केने गुंडाळीला चिठ्ठी बांधली: "उपासनेनंतर आमच्या घरी कॉफीला या. हिल्के." आणि पुढच्या बाकावर दिली. ती नेमकी वित्स्केच्या बाबांच्या हातात! त्यांनी चिठ्ठी वाचली, गोळी घेतली, मान डोलावली आणि रीतीप्रमाणे शेजारच्याला दिली. तिसऱ्या बाकावर गोळ्या संपल्या. चिठ्ठी मात्र थेट वर ऑर्गन वाजवणाऱ्यापर्यंत पोचली. मी डोळे मिटून बुधवारचं भाषण जुळवत होतो, त्यामुळे मला यातलं काहीच दिसलं नाही.

घरी पोचलो, तोच घंटा वाजली. दारात वित्स्के आणि तिचे आईबाबा! मी यांटीनेकडे विजयी नजरेने पाहिलं. पुन्हा घंटा. शेजारच्या सित्स्के आजी. पुन्हा घंटा. मग घंटा थांबेचना.

"हार्मेन!" खिडकीतून यांटीने किंचाळली. "सायकली बघ! फाटकापर्यंत सायकली!"

माणसं मोजली. छत्तीस! आमच्याकडे शिरस्ता ठरलेला: एक कप कॉफी, एक बिस्किट आणि डब्याचं झाकण बंद. डब्यात होती नऊ बिस्किटं. रविवार म्हणजे देवाचा दिवस, दुकान बंद, आणि उघडं असतं तरी आमच्या गावात रविवारी दुकानात जायची कुणाची छाती आहे? मी छताकडे बघून मनोभावे प्रार्थना केली. बिस्किटं नऊच राहिली.

तेवढ्यात सित्स्के आजींनी यांटीनेच्या कानात विचारलं, म्हणजे सगळ्या दिवाणखान्याला ऐकू जाईल इतक्या हळू, "कितवा महिना गं?"

"कसला महिना?"

"लाजतेस काय! अकरा वर्षांत या हार्मेनने घरी कुणाला बोलावलं नाही. आज गाव बोलावलंय. मग दुसरं काय असणार?"

यांटीने सेहेचाळीस वर्षांची आहे!

"अभिनंदन!" ऑर्गनवाल्याने माझी पाठ थोपटली. "या वयात! शाबास!"

आमच्याकडे अभिनंदन करायचं तर समोर दिसेल त्या प्रत्येकाचं करतात. वित्स्केच्या बाबांचंसुद्धा झालं. ते बिचारे आभार मानत राहिले.

मी खुलासा करायला तोंड उघडलं. छत्तीस चेहरे माझ्याकडे वळले. "खु... खुर्च्या आणतो," एवढंच बोललो आणि मागच्या दाराने सटकून सायकलींच्या खोपटात जाऊन बसलो. उपड्या बादलीवर! मंडळींना माणसांत मिसळण्याचे धडे देणारा महापुरुष!

खोपटाच्या खिडकीतून आत पाहिलं. हिल्के खुर्चीवर उभी होती. शेजारी वित्स्के, हातात बिस्किटांचा डबा घेऊन.

"बाळबीळ काही नाहीये!" हिल्के ठणठणीत आवाजात सांगत होती. "चिठ्ठी मी लिहिली होती. मला फक्त वित्स्केशी मैत्री करायची होती. पण आता आलाच आहात, तर बसा. प्रत्येकाला चतकोर बिस्किट मिळेल!"

असा हशा पिकला म्हणून सांगू! आजी तर डोळे पुसत हसत होत्या. वित्स्के बिस्किटं मोडत होती, हिल्के वाटत होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत होती. माझी हिल्के! मला इतका आनंद झाला की बादली कलंडली आणि मी आडवा झालो.

आवाज ऐकून पाहुण्यांत बसलेले पाळक धावत आले. त्यांच्या पुढे दोन्ही मुली.

"अरे हार्मेन, इथे काय करतोस? बुधवारच्या भाषणाचं..."

हिल्केने हात वर करून त्यांना थांबवलं.

"पाळक, एकदम त्यांच्याकडे बघू नका," ती हळूच म्हणाली. "माझे बाबा जरा लाजरे आहेत. सवय झाली की बोलतात."

बुधवारी सभागृह खचाखच भरलं. पहिलं वाक्य मी अजिबात न अडखळता म्हटलं: "ही माझी मुलगी हिल्के." बाकीचं सगळं तीच बोलली, पाऊण तास! मी तिचा हात धरून शेजारी उभा होतो. म्हणजे, खरं सांगायचं तर, तिने माझा धरला होता.