तोंड इकडे करा, भिया!

चालू नाटकात नटाला सूचना देणारा एकच प्रेक्षक मी पाहिला : इंदूरमधल्या आमच्या 'जुनी इंदूर' भागातल्या गल्लीतले दिगूकाका. नट पाठमोरा झाला रे झाला, की पहिल्या रांगेतून यांचा अस्सल इंदुरी आवाज, "तोंड इकडे करा, भिया!"

काकांची सगळी नोकरी कापड मिलमध्ये, मागांच्या खडखडाटात गेली. त्यात कान गेले, पण खात्यातल्या सगळ्यांसारखं ओठ वाचायला आलं. मिल बंद पडली, काका पोलोग्राउंडच्या कारखान्यांमधल्या एका वर्कशॉपमध्ये हजेरी लिहायला लागले. ओठ वाचणं मात्र सुटलं नाही. माझ्या बँकेत आले, की काचेपलीकडे फोनवर बोलणाऱ्या साहेबांकडे बघून मला सांगायचे, "घाबरू नको यार, तुझ्या बदलीचं नाही. बायकोला भेंडीचं विचारतोय."

नाटकात तर विचारूच नका. एकदा नायिकेनं नायकाच्या खांद्यावर डोकं ठेवलं, काहीतरी कुजबुजली, सगळं नाट्यगृह विरघळलं. आणि काका मोठ्यांदा म्हणाले, "ती म्हणतेय, पाय काढ, साडीवर उभा आहेस!"

काकू गेल्या आणि काका घराबाहेर पडेनासे झाले. चार महिने असेच गेले. मग पुण्याहून नाटक आलं, तेव्हा मीच त्यांना ओढून नेलं.

पहिला अंक त्यांनी गप्प बसून पाहिला. मला ते बरं वाटेना. दुसऱ्या अंकात रंगमंच निळसर झाला. म्हातारा नायक खिडकीकडे तोंड करून, दूर गेलेल्या मुलाशी मनातल्या मनात बोलावं तसं बोलू लागला. काका खुर्चीतून अर्धवट उठले. "तोंड इकडे करा, भिया!"

हशा पिकला. मी मान खाली घातली.

पण नट थांबला. सावकाश वळला, पुढे आला, आणि उरलेलं सगळं स्वगत काकांकडे बघत म्हणाला. एकेक शब्द सुटा, हळू. काकांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. हसणारे कधी गप्प झाले, कळलंच नाही. त्या निळ्या उजेडात जणू ते दोघंच जागे होते आणि बाकी आम्ही सगळे त्यांच्या स्वप्नात बसलो होतो.

सुटल्यावर बाहेर हीऽ गर्दी. स्कूटरी, टेम्पो, हॉर्न. काका एकदम थबकले. रस्त्यापलीकडे सायकल धरून एक म्हातारा उभा होता.

"अरे, बद्रीजी! मिलमध्ये माझ्या बाजूच्या मागावर होता."

मिल बंद झाल्यापासून दोघांची भेट नव्हती. मध्ये वाहनांची रांग तुटेना. तेव्हा दोघं तिथूनच बोलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. एवढ्या गोंगाटात त्यांचं अगदी निवांत चाललं होतं. शेवटी बद्रीजी हसले, हात हलवला आणि गर्दीत दिसेनासे झाले.

"काय म्हणाले?" मी काकांच्या समोर जाऊन विचारलं.

"पूछ रहा था, भाभी कैसी है."

"मग?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

"मजेत आहे म्हटलं. एका माणसाकडे तरी असू दे तिला."