साळिंदरबाईंचा दुसरा विषय

एका जंगलात, बाळांनो, मास्तर तयार करण्याचं एक कॉलेज होतं. जंगलात कॉलेज कशाला, असं विचारू नका. तुमच्या तालुक्यात चार निघाली, तेव्हा विचारलं होतंत?

या कॉलेजात यमू नावाची एक साळिंदर शिकायला आली. अंगभर काटे, पायांना नखं आणि डोक्यात एकच खूळ, खणण्याचं. बिळाला वळण कुठे द्यावं, मागचं दार कुठे काढावं, यातलं तिला जेवढं कळायचं तेवढं साऱ्या रानात कुणाला कळत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात वणवा लागला तेव्हा तिच्या बिळात अकरा ससे, एक मुंगूस आणि एक नाग मांडीला मांडी लावून बसले आणि वाचले. नागाला मांडी नसते, हे मलाही माहीत आहे. मध्ये बोलू नका.

त्या दिवशी यमूनं ठरवलं, रानातल्या एकूण एक पोराला खणता आलं पाहिजे. आपण बाई व्हायचं आणि खणणं शिकवायचं. तिला याखेरीज दुसरं काही नको होतं.

प्रवेशाच्या खिडकीत भाऊसाहेब बसले होते. ते खेकडा होते.

"विषय?"

"खणणं!" यमू म्हणाली.

"दुसरा?"

"दुसरा कशाला? मला खणणंच शिकवायचंय."

"अहो बाई, दोन विषय लागतात. दुसरा विषय लिहिल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही." असं म्हणून त्यांनी अर्ज आडवा सरकवला. "गाण्याच्या जागा कोकिळेच्या माहेरच्यांनी भरल्या. पोहणं आहे, पण त्याची तोंडी परीक्षा मगरताई घेतात. गेल्या वर्षीचे तीन विद्यार्थी अजून तोंडीतच आहेत."

"मग राहिलं काय?"

"उडणं."

यमूनं स्वतःकडे एकदा नीट बघून घेतलं. "भाऊसाहेब, मी साळिंदर आहे."

"ते अर्जावर दिसतंय. घाबरता कशाला? उडणं सगळं लेखी आहे. डोळे मिटून घ्या. दुसरा विषय नुसता नावाला असतो हो, तो शिकवतंय कोण!"

यमूनं डोळे मिटून विषय घेतला.

मग वर्षभर तिनं उडण्याचं पाठांतर केलं. पंखाची व्याख्या, उडण्याचे सात फायदे, वाऱ्याचे प्रकार. आणि मग आले सराव पाठ.

सराव पाठाची एक रीत असते, बाळांनो. आज काय शिकायचं, हे बाईंनी आपल्या तोंडानं सांगायचं नाही. प्रश्न विचारविचारून ते पोराच्या तोंडून काढायचं. ते निघालं, की मग आश्चर्यानं म्हणायचं, "शाब्बास! आज आपण तेच शिकणार आहोत."

खणण्याच्या पाठाला यमू ही रीत साफ विसरली. वर्गात शिरली ती थेट खणायलाच लागली. माती उडाली, दगड उडाले, पाचव्या मिनिटाला बाई जमिनीखाली गडप. खालून नुसता आवाज, "आता इथे डावीकडे वळायचं, बरं का!" पोरं वर बाकांवर शेंगा खात बसलेली. प्राचार्य बगळे सर खड्ड्याच्या काठावर एका पायावर उभे राहिले आणि त्यांनी वहीत शेरा लिहिला : विषयज्ञान उत्तम. शिक्षिका दिसत नाही.

उडण्याच्या पाठाला मात्र तिनं रीत अगदी पोथीसारखी पाळली.

"बालमित्रांनो, आकाशात काय दिसतं?"

"ढग."

"आणखी?"

"ऊन."

"आणखी?"

असं वीस मिनिटं चाललं. शेवटी माकडाचं एक पोर कावून म्हणालं, "बाई, आम्ही इथून उडून जाऊ का?"

"शाब्बास! आज आपण उडणे हा घटक शिकणार आहोत!" आणि घंटा झाली. बगळे सरांनी पन्नासपैकी अठ्ठेचाळीस दिले.

यमू पास झाली. टेकडीवरच्या माध्यमिक शाळेत तिला नोकरीही लागली. पहिल्या दिवशी ती नखं घासून, पुसून हजर झाली. हेडसर गवा होते. त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं. यमूच्या नावापुढे सहाही दिवस उडणं होतं.

"सर, खणणं?"

"ते घारपुरे मॅडमकडे."

"पण त्या तर घार आहेत!"

"त्यांचा दुसरा विषय खणणं आहे. त्या आल्या तेव्हा उडण्याची जागा रिकामी नव्हती. उडणं एक कासव शिकवायचे. काय शिकवायचे! गेल्याच महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या जागी तुम्ही."

"मग आता आम्ही दोघी अदलाबदल करतो ना, सर."

"वेळापत्रक लागलंय, बाई."

"काढून दुसरं लावू."

"डिंकानं लावलंय," हेडसर हळहळून म्हणाले.

यमू शिक्षकांच्या खोलीत जाऊन ढसाढसा रडली. घारपुरे मॅडमनी तिला पाणी दिलं.

"रडू नका हो. मी सहा वर्षं खणतेय. फळ्यावर! रंगीत खडूनं बिळाची इतकी सुंदर आकृती काढते, पण बघायला वर्गात कुणी असेल तर ना. सगळी उंदरा-घुशींची पोरं. शाळेच्या वेळात विद्यार्थी खाणार नाही, असं मी रुजू होताना लिहून दिलंय. पण पोरांना अजून वाचता येत नाही."

घंटा झाली. यमू आठवीच्या वर्गात गेली. समोर मैनांची, पोपटांची, चिमण्यांची बत्तीस पिल्लं बसली होती. एकानंही अजून पंख उघडला नव्हता. यमू घाबरली. आणि साळिंदर घाबरलं, की त्याचे काटे उभे राहतात आणि खुळखुळतात.

"बालमित्रांनो," ती म्हणाली. खुळ्‌खुळ्‌ खुळ्‌खुळ्‌!

बत्तीस चोची उघडल्या. मग बत्तीस पिल्लं फर्रकन खिडकीतून बाहेर! जन्मात पहिल्यांदा उडाली ती, आणि काय उडाली! दुसऱ्या दिवशी परत आली, परत उडाली.

शेजारच्या वर्गात तेच. घारपुरे मॅडम दारात आल्या, "बालमित्रांनो" म्हणाल्या, की अख्खा वर्ग जमिनीखाली. मागे नुसती पाटी-दप्तरं उरायची.

एकदा यमू आपल्या रिकाम्या वर्गात बसली होती. पाय शिवशिवत होते. इतक्यात फरशी हलली आणि उंदराचं एक नाक वर आलं.

"बाई, इथे मॅडम नाहीत ना?"

"नाहीत रे. पण हे काय वळण काढलंस? माती डोक्यावर येईल तुझ्या! असं तिरकं घे. आणि मागचं दार?"

"मागचं दार असतं?"

"अरे देवा! हाक मार सगळ्यांना!"

चाळीस पोरं वर आली. यमूनं पदर खोचला. त्या तासाला ती इतकी खूश झाली, इतकी खूश झाली, की घंटा झालेली तिला कळलीच नाही. भिंतीपलीकडून घारपुरे मॅडमचाही आवाज येत होता. त्या खिडकीतून अर्ध्या बाहेर लोंबकळून ओरडत होत्या, "ए पोपटा, शेपूट सावर! वाऱ्यावर रेल, घाबरू नकोस!"

मग तपासणी आली. साहेब अस्वल होते. घंटा होऊन पाचच मिनिटं झाली होती, तरी दोन्ही वर्ग त्यांना रिकामे दिसले. वर बघितलं तर आभाळ भरून पिल्लं. खाली बघितलं तर टेकडीची चाळण झालेली.

"पाच मिनिटांत घटक पूर्ण! निकाल शंभर टक्के!" साहेब थक्क झाले. "बाई, मागा काय हवं ते. हवं तर मी वेळापत्रक स्वतः चाटून काढतो."

यमूच्या तोंडाशी शब्द आला. खणणं! मागितलं असतं तर मिळालं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे सराव पाठाचा तो वर्ग उभा राहिला. पोरं निवांत बाकांवर, शेंगा खात. हजेरी, प्रश्न, "आणखी?", शाब्बास. आणि आपण एकट्याच खाली.

तिनं घारपुरे मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हळूच 'नको' अशी मान हलवली.

"काही नको, साहेब," यमू म्हणाली. "उडण्यातच माझा जीव रमतो."

तात्पर्य : आपल्याला जे येतं, ते शिकवायची परवानगी कधीही मागू नये. ती मिळण्याचा धोका असतो.