वाकलेल्या बाईंचा नाच

बाईंच्या नणंदेला जुळं झालं त्या वर्षीची गोष्ट. आठवडाभर बाई दोन खांद्यांवर दोन पोरं टाकून घरभर फिरत होत्या. "वहिनी, एक तरी मला दे," नणंद म्हणायची. "तू पड गं," बाई म्हणायच्या. कुणाची मदत घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

बाई नाच बसवायच्या. त्यांच्या संचात चाकाच्या खुर्चीवरचे सुभेदार होते, ऐकू न येणारी ताई होती आणि धडधाकट असे चौघे होते. त्या चौघांनाच काही धड जमत नाही, असं बाईंचं मत. हॉलच्या भिंतीवर बाईंनी मोठ्या अक्षरांत नियम लावला होता: 'विचारल्याशिवाय मदत करू नये. नको म्हटल्यावर पुन्हा विचारू नये.' त्यालाही कारण होतं. सुभेदार एकदा मोठ्या कष्टाने रस्ता ओलांडून अलीकडे आले, तेवढ्यात एका भल्या गृहस्थाने खुर्ची ढकलत त्यांना परत पलीकडे नेऊन सोडलं होतं.

एके दिवशी सकाळी दहा वाजता पाहणीला समिती यायची होती. हॉल राहणार की जाणार, ते तिच्या हातात. बाई सगळं एकट्याच ठरवतात आणि बाकीच्यांना बाहुल्यांसारखं नाचवतात, अशी कुणीतरी तक्रार केली होती. तक्रार अगदीच खोटी होती असंही नाही.

दहाला पाच मिनिटं कमी होती. जमिनीवरची खुणेची पट्टी सुटली होती, ती चिकटवायला बाई वाकल्या. कमरेत कट्‌ झालं आणि बाई तिथेच राहिल्या. काटकोनात.

सुभेदारांनी खुर्ची जवळ आणली. "बाई, मदत हवी का?"

"नको!" जिभेला सवयच होती.

"बरं," म्हणून सुभेदार मागे सरले.

बाई वाट बघू लागल्या. पुन्हा कुणी विचारेना. "मेल्यांनो, बघता काय नुसते?" म्हणत त्यांनी हात झाडला. ताईचं लक्ष कायम बाईंच्या हातांवर. आज सुरुवात बदललेली दिसते, असं समजून ती वाकली आणि तिनेही हात झाडला. तिचं बघून चौघे वाकले. सुभेदार खुर्चीतल्या खुर्चीत गुडघ्यांवर झुकले.

"अरे, नाच नाही हा! कंबर धरलीय माझी!"

"हे पण म्हणायचंय का?" चौघांतल्या उंचाने विचारलं.

तेवढ्यात दार वाजलं. बाईंना समितीचे फक्त बूट दिसले. तीन जोड. आता ओरडावं तर हॉल जाणार, गप्प राहावं तर कंबर जाणार. बाई गप्प राहिल्या. घाम नाकावरून टपटप त्या पट्टीवर पडत होता. सगळे वाकलेले, सगळे हात झाडताहेत. दहा मिनिटं झाली. शेवटी बाईंच्या तोंडून बारीक आवाज निघाला, "सुभेदार, मला सरळ करा हो."

"म्हणजे मदत हवी?"

"हवी!"

"कशी करू? शरीर तुमचं, सांगायचं तुम्ही." वाक्य बाईंचं, सूरही बाईंचाच.

बाईंनी दात खाल्ले आणि सांगितलं. त्या सुभेदारांच्या मांडीवर आडव्या झाल्या, ताईने पाय धरले, चौघांनी वाट दिली आणि खुर्ची संथपणे वळत वळत आतल्या खोलीत गेली. "हळू, गाढवांनो!" एवढं ऐकू आलं. मागे टाळ्या पडल्या.

चौथ्या दिवशी पत्र आलं. बाई अंथरुणात, म्हणून सुभेदारांनी वाचलं: 'हॉल पाच वर्षांसाठी मंजूर. कलाकार स्वतः निर्णय घेतात, हे पाहून समाधान वाटले. मधोमध वाकलेल्या ज्येष्ठ दिव्यांग कलावतीचे काम विशेष आवडले. संचालिका मात्र पाहणीला गैरहजर होत्या, हे खटकले.'

"गैरहजर? मी?" बाई उठायला गेल्या आणि कळवळून परत पडल्या.

"खरं काय ते कळवू का त्यांना?"

बाईंनी हात झाडला. "लिहा. संचालिकांची कंबर धरली होती. क्षमस्व."

सुभेदार हसले. मग बाईंची घसरलेली उशी बघत नुसतेच बसून राहिले.

"कळलं, कळलं," बाई चिडून म्हणाल्या. "मदत हवीय."

तो नाच त्यांनी पुढे कितीतरी वर्षं केला, बाई मधोमध. जुळ्यांना नोकऱ्या लागल्या त्या वर्षी, नऊ एप्रिलला, सकाळी बाई वारल्या.