तव्यावर भाजलेली माती

औषध हे शिस्तीचं फळ आहे. माझी नात ईश्वरी विद्यापीठात जंतू शिकते, तिनंच सांगितलं. मातीतला जंतू शेजारच्या जंतूला मारायला औषध बनवतो, आणि ते घडवणाऱ्या कारागिरांना विकर म्हणतात. विकर ओळीनं एकमेकांना जोडलेले. दारावरचा ठरलेला तुकडाच आत घेतो, पुढचा तो माळेत जोडतो, लांब हातानं माळ पुढच्याच्या हवाली करतो, शेवटचा ती कापून मोकळी करतो. मधल्या एकानं हयगय केली की सगळं वाया.

मला नवल वाटलं न्हाई. नेकनूरला आमच्याकडं पुरणपोळी अशीच होते. थोरली सून पुरण भरते, मधली लाटते, धाकटी कावेरी भाजते, शेवटी मी नावं ठेवते. फरक इतकाच, विकर रुसत न्हाईत (त्यांना माहेर नसतं).

आता माझा अंगठा. पायाच्या अंगठ्याची जखम चार महिने भरेना. तपासणीचा कागद आला: जखमेतला जंतू अकरा औषधांना जुमानत न्हाई. बारावं सुईतून चालू हाय. सोमवारी कळंल, उतार नसला तर अंगठा काढायचा. भीती वाटली. थोडा अभिमानही वाटला. जंतू शेवटी आमच्या घरचा.

कागद आला तवाच ईश्वरी म्हणाली, "आज्जी, नवं औषध शोधायला बांधावरची मूठभर माती पाठव. पण ते हाती यायला दहा-पंधरा वर्षं लागतील."

"मी थांबते. अंगठ्याचं अंगठ्यानं बघावं."

माझ्या, गंगासागरबाईच्या, घरातून घाण माती बाहेर जाईल का? चाळली, खडे वेचले, तव्यावर खमंग भाजली, घासलेल्या स्टीलच्या डब्यात भरून एसटीनं धाडली.

आठ दिवसांनी फोन. "आज्जी, यात एकही जंतू जिवंत न्हाई ग!"

"मग! कोणाच्या घरची हाय!"

पोरीनं विषयच बदलला. मग म्हणाली, "तुझा तो बिस्किटाचा डबा अजून हाय का?"

हाय की. गल्लीत कोणाला शिंक आली, की त्यातून जंतूंवरच्या दोन गोळ्या. बरं वाटलं, की उरलेली पट्टी परत डब्यात. गेल्या साली एकशे बारा माणसं बरी केली (शेजारची सुभद्राबाई तीनदा, पण तिला एकदाच धरलं). एकालाही तिसरी गोळी लागली न्हाई. अंगठ्यासाठी डॉक्टरनं मला सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. पाच दिवसांच्या मी वाचवल्या.

"अग, अर्ध्यावर सोडलेले जंतू औषधाला पुरून उरायला शिकतात," ईश्वरी म्हणाली. "तुझ्या पायातले तूच शिकवलेस."

मी स्वतः दुसरी पास. माझ्या हाताखाली जंतू अकरावी झाले. कोणत्या मास्तराला हे जमलंय?

तुमी हसताय, हसा. मग उठून फ्रिजवरचा तुमचा डबा उघडा आणि त्यातली कापलेली पट्टी बघा. माझ्यांचा बारावीचा निकाल सोमवारी हाय. तुमचे कितवीत हायेत?